वाळूतील अंडी आणि मोशेची आज्ञा

वाचण्याचा शास्त्रभाग : अनुवाद २२:६, ७, ईयोब ३९:१३-१८, स्तोत्र १०४:२१-३०.

मोशेच्या नियमशास्त्रात पाखराच्या घरट्याविषयी दोनच वचनांची एक आज्ञा आहे. वाटेने जाताना झाडावर किंवा भुईवर एखादे घरटे आढळले, त्यात पिले किंवा अंडी असली, आणि त्यांवर आई बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरून नेऊ नये; तिला सोडून द्यावे. ज्या अध्यायात ही आज्ञा आहे त्यातच शेजाऱ्याचा चुकलेला बैल परत नेऊन देण्याची आणि नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे. कौटुंबिक उपासनेत हा भाग वाचताना आपले लोक बहुधा येथे थांबत नाहीत. परंतु यहूदी शास्त्री येथे थांबले. ही आज्ञा हलक्यांतली हलकी आहे असे ते म्हणत. कारण ती पाळण्यास ना पैसा लागतो ना श्रम. तरीही आईबापांचा मान राखण्याच्या भारी आज्ञेला जे वचन जोडले आहे, म्हणजे कल्याण आणि दीर्घायुष्य, तेच या हलक्या आज्ञेलाही जोडले आहे, याचे त्यांना मोठे आश्चर्य वाटे.

हे आश्चर्य आपल्यालाही वाटावे, म्हणून या आठवड्याचा पाठ आम्ही पुस्तकातून न घेता एका समुद्रकिनाऱ्यावरून घेत आहो. गेल्या मार्च महिन्यात आमच्या मंडळीतील तरुण संघाच्या काही जणांसह आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी गेलो होतो. हे गाव मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या बाणकोटच्या खाडीजवळ आहे. पेशवाईतील नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून इतिहास वाचणाऱ्यांस ते ठाऊक असते. हल्ली मात्र तेथे लोक जातात ते समुद्री कासवांची पिले पाहण्यासाठी.

येथे एक लहानसा खुलासा करणे बरे. आमच्यातील एका तरुणाने जुन्या इंग्रजी शास्त्रात 'टर्टल' हा शब्द शोधून काढला आणि गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात कासवाचा शब्द ऐकू येतो असे मोठ्या उत्साहाने सांगितले. तो कासव नव्हे, होला पक्षी होय. जुन्या इंग्रजीत होल्याला तसे म्हणत. आपल्या मराठी शास्त्रात ही अडचण नाही. समुद्री कासवाचे नाव शास्त्रात नाही. स्तोत्र १०४ मध्ये विस्तीर्ण समुद्रातील ज्या अगणित लहानमोठ्या जीवांविषयी सांगितले आहे त्यांतच ते येते.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारे कासव मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले जातीचे. त्याची पाठ सुमारे दोन फूट लांब आणि वजन चाळीस किलोच्या आसपास असते. सारे आयुष्य ते समुद्रात घालविते. नर एकदा पिलू असताना पाण्यात गेला की पुन्हा भुईवर सहसा येत नाही; मादी येते ती केवळ अंडी घालण्यासाठी, आणि बहुधा रात्रीच. ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे लाखो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात तसे नाही. येथे एकेक मादी एकेकटी येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू शोधते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खळगा करते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजविते, अंगाच्या भाराने ती वाळू दाबते, आणि आजूबाजूस वाळू उडवून जागा ओळखू येणार नाही अशी करून ठेवते. हे सारे तासाभरात आटोपते. मग ती समुद्रात जाते. आपल्या पिलांचे तोंड ती कधी पाहत नाही.

अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ती वेदनांनी किंवा पिलांच्या वियोगाने रडते असे पुष्कळ लोक सांगतात, आणि असा दृष्टांत उपदेशात दिलेला आम्ही स्वतः ऐकला आहे. तो देऊ नये, कारण तो खरा नाही. समुद्राचे खारे पाणी पोटात जाते, त्यातील जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी तिच्या डोळ्यांजवळ ग्रंथी असतात; समुद्रातही त्या हेच काम करीत असतात. निर्माणकर्त्याची ही योजना त्या कल्पित अश्रूंहून अधिक विस्मयकारक नाही काय?

आता ईयोबाच्या ३९ व्या अध्यायाकडे वळू. तेथे परमेश्वर शहामृगीविषयी बोलतो. ती आपली अंडी भुईवर सोडते, धुळीत ती उबतात, कोणाचा पाय पडून ती फुटतील हे ती विसरते, कारण देवाने तिला ती समज दिलेली नाही. हा भाग वाचताना काही जणांस वाटते की येथे त्या पक्षिणीची निंदा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. जिला समज दिली नाही तिच्या अंड्यांची गोष्ट देव स्वतः इतक्या बारकाईने जाणतो आणि एका दुःखी मनुष्यास ती ऐकवितो, यातच त्या अंड्यांचा कैवारी कोण आहे हे दिसते. कासवाच्या मादीचेही तसेच. तिने जे करावयाचे ते ती नीट करते. पुढचे तिच्या हाती नाही.

पुढचे कोणाच्या हाती होते हे वेळास येथे पूर्वी उघड होते. सकाळी ज्याला वाळूवर तिच्या सरपटण्याची खूण प्रथम दिसे, त्याची ती अंडी. ती खाल्ली जात, विकलीही जात. यात कोणास काही गैर वाटत नसे. आपले हिंदू शेजारी कासवाला अवतार मानतात, देवळांपुढे दगडी कासव असते. पण त्या आदराने वाळूतील अंडी राखली गेली नाहीत. आणि सर्व काही देवाने निर्मिले असे शिकविणाऱ्या आपण ख्रिस्ती लोकांनी तरी आपापल्या गावी कोणते घरटे राखले, हे विचारले असता उत्तर देणे कठीण आहे. तेव्हा या बाबतीत कोणीही दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

२००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांची पाहणी करीत वेळासला आले असता त्यांना वाळूवर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. तेथून या कार्याचा आरंभ झाला. समुद्री कासवांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु रात्री किनाऱ्यावर पहारा करावयास कायदा स्वतः येत नाही. त्या मंडळींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. जे लोक अंडी शोधून काढण्यात तरबेज होते, त्यांनाच ती राखण्याच्या कामात घेतले. ज्याला वाळूवरची खूण वाचता येते त्याच्यावाचून हे काम होणे शक्यच नव्हते. पुढे वनखाते यात आले, गावकऱ्यांनी पाहुण्यांस आपल्या घरी उतरवून घेण्यास आरंभ केला, आणि आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पुष्कळ किनाऱ्यांवर हे काम पसरले.

त्या संरक्षणगृहात पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारील, तर इमारत वगैरे काही नाही. भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा उंच वाळूवर जाळी लावून केलेले एक कुंपण, आणि आत ओळीने वाळूचे चौकोन, प्रत्येकाजवळ अंडी कधी मिळाली व किती होती हे लिहिलेली पाटी. शेतकऱ्यास रोपांच्या वाफ्यांची आठवण व्हावी असे ते दिसते. पण त्यामागील काम नाजूक आहे. पहारेकरी पहाटेपूर्वी किनारा चालून जातो; खूण दिसली की काठीने हलकेच वाळू चाचपतो; अंडी सापडली की ती ज्या खोलीवर होती तितक्याच खोलीचा, त्याच आकाराचा खळगा कुंपणात करून त्यात ती ठेवतो. हे घाईने करावे लागते. कारण अंडे घातल्यानंतर काही तासांतच आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले किंवा जोराने हलले तर गर्भ मरतो. म्हणून अंडे उचलताना त्याची वरची बाजू वरच ठेवतात. आमच्याबरोबरच्या एका शेतकरी तरुणाने, 'म्हणजे वांग्याच्या रोपाहून यांची लावणी अवघड,' असे म्हटले, आणि पहारेकरी भाऊ हसून हो म्हणाले.

मग सुमारे पन्नास दिवस वाट पाहावयाची. आई उबवीत नाही. सूर्य आणि वाळू उबवितात. आणि पिलू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात. वाळू त्याहून थंड असली तर नर अधिक, उष्ण असली तर माद्या अधिक. आणि फारच तापली तर अंड्यातच जीव मरतो. पृथ्वीचे उष्णमान वाढत आहे हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो व पान उलटतो. येथे त्या वाढीची चिंता अंशाअंशाने करावी लागते. कित्येक ठिकाणी म्हणूनच कुंपणावर सावली करतात. मनुष्याने दूर देशी जाळलेल्या कोळशाचा हिशेब एका वाळूच्या खळग्यात असा येऊन पोहोचतो.

दिवस भरत आले की त्या खळग्यावर एक टोपली पालथी घालतात. सकाळी व संध्याकाळी ती उचलून पाहतात. आम्ही गेलो त्या सकाळी दुसऱ्या टोपलीखाली पिले होती. करड्या काळसर रंगाची, तळहातावर सहज मावतील इतकी लहान, एकमेकांच्या पाठीवर चढत होती. ती नेऊन थेट पाण्यात सोडीत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर ओल्या वाळूवर ठेवतात आणि तेथून त्यांना आपली आपण चालू देतात. कारण त्या वाटेवरच जन्मभूमीची काहीतरी खूण त्यांच्यात उमटते असे जाणत्यांचे मत आहे. समुद्राकडील आकाश जमिनीहून उजळ असते, त्या उजेडाकडे ती जातात. म्हणूनच किनाऱ्यालगतचे विजेचे दिवे त्यांचा घात करितात. पिले समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. लोक दोरीमागे उभे राहून पाहत होते. एक पिलू लाटेने तीनदा मागे आणले, चौथ्या लाटेबरोबर ते गेले. अशा हजार पिलांतून एखादेच मोठे होते असे सांगतात. जे मादी होऊन जगेल ते अंडी घालावयास परत येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे, कदाचित अधिकही, जातील. टोपली उचलणाऱ्या हाताला त्याची भेट होईलच असे नाही.

ती कोठे जातात हे जाणण्याचाही यत्न चालू आहे. जानेवारी व फेब्रुवारी २०२२ मध्ये डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकण किनाऱ्यावरील पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाकडे संदेश धाडणारी लहान यंत्रे बसविली. पहिलीला वेळास येथेच यंत्र बसविले, आणि तिचे नाव प्रथमा ठेवले. मादी श्वासासाठी वर आली की यंत्र तिचा ठिकाणा कळवी. काळ लोटला तसे एकेकीचे संदेश थांबले. यंत्र गळून पडले, बिघडले की कासव मेले, हे सांगता येत नाही. याहून अद्भुत गोष्ट पुढे घडली. २०२१ साली ओडिशात जिच्या पायास धातूचा क्रमांक लावला होता अशी एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सिंहलद्वीपाला वळसा घालून, सुमारे ३५०० किलोमीटरांचा तो प्रवास. दोन किनाऱ्यांवरची कासवे निरनिराळी असे जे पुष्कळांस वाटत होते त्याचा आता पुन्हा विचार करावा लागत आहे. आकाशातील करकोचाही आपला नेमिला समय जाणतो असे यिर्मया म्हणतो. त्याच्या यादीत हिचेही नाव शोभले असते.

परत आल्यावर बायबल वर्गात एका वडिलांनी प्रश्न केला. त्यांनी तो सरळ मनाने केला, म्हणून आम्ही तो येथे देतो. देव आकाशातील पाखरांना पोसतो असे प्रभूने सांगितले आहे. तर मग मनुष्याने कुंपण घालून अंडी राखणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे काय? आणि कोल्ह्याने ती खाल्ली तर त्यालाही देवानेच ते अन्न दिले नाही काय?

कोल्ह्याविषयी ते म्हणाले ते खरे आहे. स्तोत्र १०४ मध्ये सिंहाचे छावेही आपले अन्न देवाजवळ मागतात. कोल्हा, घार, खेकडा हे कासवाच्या पिलांवर हजारो वर्षे जगत आले, आणि तरी कासवे उरली. एकेका मादीला शंभराहून अधिक अंडी दिली आहेत ती याच हिशेबाने. परंतु मनुष्याचा हात त्या हिशेबात नंतर आला. आमच्या उकिरड्यांवर वाढलेली कुत्र्यांची टोळी, किनाऱ्यावरचे दिवे, समुद्राकाठचे दगडी बांध, मैलभर ओढली जाणारी यांत्रिक नौकांची जाळी, आणि शेवटचे अंडेही न सोडणारी पाटी, हे कोल्ह्याच्या खात्यावर लिहिता येणार नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बाग केवळ खाण्यासाठी दिली नाही. तिची मशागत व राखण करण्यासाठी दिली. राखणे हा शब्द तेथे पापाच्या प्रवेशापूर्वीचा आहे. तेव्हा कुंपण घालणे हा अविश्वास नव्हे. नेमून दिलेले काम उशिरा का होईना हाती घेणे होय.

दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही, पण आम्हांस तो अधिक जड वाटतो. अंडी घेणारा मनुष्य बहुधा गरीब असतो. त्याच्या मुलांच्या ताटातले काढून शहरातील पाहुण्यांच्या डोळ्यांना सुख द्यावयाचे, असे हे होऊ शकते. मोशेची आज्ञा या बाबतीत किती विचारी आहे पाहा. ती पिले घेऊ नको असे म्हणत नाही. भुकेल्याची भूक ती ओळखते. आई सोड, एवढेच सांगते; म्हणजे पुढच्या वर्षीचे घरटे मोडू नको. कोकणात मात्र घरटी इतकी थोडी उरली होती की अंडी घेणे व आई घेणे यांत फरक राहिला नव्हता, म्हणून तेथे आज्ञा अधिक कडक करावी लागली. आणि ज्याच्याकडून अंडी सोडविली त्याला पहाऱ्याचे काम व घरी पाहुणे मिळाले, यामुळे ती टिकली. जेथे नुसता दंड सांगितला जातो आणि चुलीचा विचार होत नाही, तेथे ती टिकेल असे आम्हांस वाटत नाही.

मच्छीमारांचेही असेच आहे. कासव हवेने श्वास घेते. जाळ्यात फार वेळ अडकले तर बुडून मरते. जाळे कापून ते सोडावे तर कोळ्याचे हजारो रुपयांचे जाळे जाते. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अशी योजना केली की संरक्षित प्राणी सोडताना जाळे फाटल्यास मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. सोडलेल्या प्राण्याचे छायाचित्र वगैरे पुरावा द्यावा लागतो. ही योजना आम्हांस कुंपणाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण ती आज्ञेचा भार एका गरिबाच्या पाठीवर न ठेवता सर्वांवर वाटून देते.

आपल्या बहुतेक मंडळ्या समुद्रापासून दूर, घाटावर आहेत. वाचक म्हणतील, आमच्या गावी कासवे कोठे? पण घरटी आहेत. तुरीच्या शेतात तित्तिराची अंडी असतात, गवतात लाव्ह्यांची. फासे लावून आईसकट सारे घरटे आणले जाते हे आपण सर्व जाणतो, आणि तसले कालवण पाळकासही मोठ्या प्रेमाने वाढले जाते. उन्हाळ्यात ओढ्याच्या शेवटच्या डोहात विषारी पूड टाकून लहानमोठे सर्व मासे एका दुपारी काढले जातात. पुढच्या पावसात त्या डोहात काय येणार? मोहोळ काढताना सारे पोळे जाळतात, थोडा कांदा मागे ठेवला तर माश्या राहतील हे ठाऊक असूनही. या प्रत्येक ठिकाणी घेणारा भुकेलाच असतो असे नाही. पुष्कळदा तो केवळ आपल्याआधी दुसरा घेईल या भीतीने घेतो. वडीलमंडळाने एखाद्या बैठकीत गावच्या डोहाचा विषय काढावा, आणि इतर समाजाच्या जाणत्यांनाही त्यात बोलवावे. कारण डोह एकट्या मंडळीचा नाही.

ज्या तरुण संघांना वेळासला जावयाचे असेल त्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ निवडावा, आणि निघण्यापूर्वी तेथील लोकांकडे चौकशी करावी. रायगडाकडून जाणाऱ्यांना बागमांडला येथे तर मिळते, ती वेश्वीला उतरविते. किनाऱ्यावर विजेरी लावू नये, पिलांना हात लावू नये, दोरीच्या पुढे जाऊ नये. रविवारची उपासना चुकवून जाण्याचे कारण नाही. शनिवारी सकाळचे दर्शन घेऊन परतता येते. मात्र पिले निघतीलच असे वचन तेथे कोणी देत नाही. आमच्या वेळी पहिली टोपली उचलली तेव्हा तिच्याखाली नुसती वाळू होती. पहारेकऱ्याने ती पुन्हा तशीच पालथी घातली, पाटीवरील तारीख एकदा वाचली, आणि तो पुढच्या टोपलीकडे गेला.